त्याला कोणता आवाज वाजवायचा

आमचा कुत्रा एका शुक्रवारी दुपारी हरवला आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सापडला. मधल्या दिवसांत त्याला बोलावण्यासाठी कोणकोणते आवाज वाजवले, ते कोणी निवडले आणि त्यांचा काय परिणाम झाला, एवढंच इथे लिहायचं आहे. नाशिकला एका दैनिकात मी अकरा वर्षं बातम्या तपासण्याचं काम केलं. तिथे शिकवलं जायचं की काय घडलं ते क्रमाने सांगायचं, बाकीचं वाचणाऱ्यावर सोडायचं. तसंच करते.

कुत्रा जातिवंत नव्हता. तीन वर्षांपूर्वी इथे कुवेतमध्ये, फहाहीलच्या बाजारामागे, गाड्या लावतात त्या जागेत, एका खोक्यात तो माझ्या मुलीला सापडला. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. आम्ही रुमैथियात एका तीन मजली घराच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकाची एकच अट होती, कुत्रा नको. कुत्र्याचा केस लागला तर नमाजाआधी कपडे बदलावे लागतात, जिन्यात ते नको, असं त्याने करार करतानाच नीट समजावून सांगितलं होतं. आम्ही मान हलवली होती. मुलीने खोकं घरी आणलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "दोन दिवस. मग कोणाला तरी देऊन टाकू." ते दोन दिवस तीन वर्षं चालले.

त्यामुळे आमच्या घरात कुत्रा आहे हे कोणाला कळू न देण्याची एक पद्धत बसली. पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना, त्याला जिमच्या मोठ्या पिशवीत घालून खाली न्यायचं, गाडीत बसवायचं, समुद्राकाठी दोरी लावून फिरवायचं आणि तसंच परत आणायचं. दाराची बेल वाजली की तो मुलीच्या पलंगाखाली जाई आणि आवाज न करता पडून राही. आलेला माणूस गेला की मुलगी जमिनीवर ओणवी होऊन, ओठ जेमतेम हलवत, "यू यू यू" करी. मग तो बाहेर येई. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी टाकताना करतात तेच यू यू, फक्त कुजबुजून. माझी मुलगी आमच्याशी बहुतेक इंग्रजीत बोलते. कुत्र्याशी मात्र ती मराठीत बोलायची, कारण तो लहान असताना आम्ही त्याच्याशी मराठीत बोललो होतो.

तो भुंकत नसे. तीन वर्षांत तीन-चार वेळा भुंकला असेल. आमच्या ओळखीच्या एका घरी ही तारीफ व्हायची. "शिकवलंय कोणी याला? आमची पोरं शिकवायला पाठवू का तुमच्याकडे?" असं त्या घरातल्या बाई म्हणायच्या. आम्ही हसायचो. आम्ही शिकवलं आहे असं आम्हाला वाटत नव्हतं. स्वभावानेच शहाणा आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

हिवाळ्यात इथले लोक वाळवंटात तंबू ठोकतात आणि सुट्टीचे दिवस तिथे काढतात. कबदच्या बाजूला असाच एक तळ होता. तो ज्या कुवेती माणसाचा, त्याच्याकडे दापोलीजवळच्या एका गावचे एक गृहस्थ बावीस वर्षं ड्रायव्हर आहेत. तळाची सगळी व्यवस्था तेच बघतात. आम्ही त्यांना भाई म्हणतो. वर्षातून एका शुक्रवारी मालक त्यांना तळ देतो, आणि त्या दिवशी भाई आपल्या ओळखीच्या मराठी घरांना जेवायला बोलावतात. त्या वर्षी मुलीने हट्ट धरला की कुत्र्यालाही न्यायचं. त्याने कधी मोकळी जमीन पाहिली नाही, असं तिचं म्हणणं होतं. ते खरं होतं.

त्याला तंबूच्या खुंटीला बांधलं होतं. दुपारी जेवणं चालू असताना शेजारच्या तळावरची मुलं चार चाकी मोटारसायकलींवरून अगदी जवळून गेली. त्या आवाजाने कुत्रा मागे मागे सरकला, गळ्यातला पट्टा कानांवरून निसटला आणि तो पळाला. मी पाहिलं तेव्हा तो शंभर एक पावलांवर होता आणि सरळ रेषेत धावत होता. सगळे जेवण टाकून उठले. सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन हाका मारल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

अंधार पडेपर्यंत सहाजण फिरलो. शनिवारीही फिरलो. त्या भागात भटक्या कुत्र्यांची एक टोळी आहे, हे भाईंनी शनिवारी सांगितलं. जनावरांचे गोठे जवळ असल्यामुळे ती टोळी तिथून हलत नाही. नवा कुत्रा त्यांना चालत नाही. रात्री थंडी पाच अंशांपर्यंत उतरत होती, पाणी कुठे नव्हतं. "चार दिवस," भाई माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले. "त्याच्या पुढचा नाय सांगू शकत." मुलगी दहा पावलांवर उभी होती. तिने ऐकलं.

रविवारी संध्याकाळी भाईंनी मालकाचं यंत्र आणलं.

ते बुटांच्या खोक्याएवढं होतं. पुढे कर्णा, आत बॅटरी, आणि टीव्हीच्या रिमोटसारखा एक लांबून चालवायचा रिमोट. त्यात जनावरांचे आवाज भरलेले होते. मालक शिकारीचा शौकीन, त्याने कोणाकडून तरी ते अमेरिकेहून मागवलं होतं. पण त्याचा खरा उपयोग भाईच करत. मालकाच्या कबुतरांवर खोकडं येत, त्यांना पिंजऱ्यापर्यंत ओढून आणायला. खोकडाला भाई कोल्हा म्हणतात, आपल्याकडे बहुतेक जण म्हणतात.

यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. गाडीत बसून मी ती पूर्ण वाचली. ती जवळजवळ सगळी कायोटी या प्राण्याबद्दल होती. तो अमेरिकेत असतो, लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून मोठा. त्याला कोणत्या दिवसांत कोणता आवाज वाजवावा हे सविस्तर दिलं होतं. थंडीत जनावर भुकेलेलं असतं, तेव्हा जखमी सशाचा आवाज. माजाच्या दिवसांत त्याच्याच जातीची आरोळी. पिल्लं झाल्यावर पिल्लाचं रडणं. सुरुवात हळू आवाजाने करावी, कारण जनावर कदाचित अगदी जवळ असेल. काही मिनिटं वाजवून बराच वेळ थांबावं. आणि एका आवाजाने घाबरलेलं जनावर त्या आवाजाला पुन्हा येत नाही, तेव्हा तो आवाज पुन्हा वाजवू नये. हे शेवटचं वाक्य ठळक छापलेलं होतं.

भाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना आवाज क्रमाने पाठ होते. "पहिला ससा. दुसरा ससा रडतो तो. तिसरा पाखरू. पाचवा पिल्लू. आणि हा आठवा," त्यांनी बटण दाबलं, लांबलचक आरोळी आली, "हा त्या अमेरिकेवाल्याचा. हा हितं चालत नाय. हितल्या जनावराला ती भाषा येत नाय."

"आमच्या पोरीला येते," नवरा म्हणाला.

"डॅडी, प्लीज," मुलगी म्हणाली.

यंत्र तळापासून दूर, वारा जिकडे वाहत होता तिकडे तोंड करून ठेवलं आणि आम्ही गाडीत बसलो. भाईंनी आधी सशाचा आवाज लावला, हळू. अकरा मिनिटांनी एक खोकड आलं. यंत्राभोवती अर्धी फेरी मारून ते थांबलं आणि आमच्या गाडीकडे पाहून निघून गेलं. मग पिल्लाचं रडणं लावलं. उंचवट्यावर तीन कुत्रे दिसले. आमचा त्यांत नव्हता. ते खाली आले नाहीत.

भाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. "तुमचा हा पुणेरी कुत्रा. त्याने ससा कधी बघितलाय काय?"

"फ्रीजमधली कोंबडी बघितली आहे," नवरा म्हणाला. "आणि आम्ही पुण्याचे नाही, भाई. नाशिकचे."

"दापोलीवरनं सगळे पुण्याचेच दिसतात." भाई हसले, मग मुलीकडे वळले. "बेटी, ऐक. जनावराला आपण काय सांगतो त्याचा उपयोग नाय. त्याला काय होवा ते वाजवायचा. कोल्ह्याला ससा होवा. तुझ्या कुत्र्याला काय होवा?"

मुलगी म्हणाली, "मी. ही वॉन्ट्स मी."

भाईंनी हे गंभीरपणे घेतलं. यंत्रात आपला आवाज भरता येत होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, माझ्या नवऱ्याला. "घरी हाक मारली की येतो ना?"

"येतो," नवरा म्हणाला.

मी शेजारी बसले होते. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांपुढे 'कोणी पाहिलं?' असं लिहीत आले होते. या वाक्यापुढे लिहिलं नाही. तो घरी यायचा, हे मलाही खरंच वाटत होतं. प्रत्यक्षात त्याला घरात लांबून हाक मारायची वेळ तीन वर्षांत कधी आलीच नव्हती. घर दोन खोल्यांचं. बाहेर तो नेहमी दोरीवर. तो कायम आमच्यापासून हातभर अंतरावर असायचा.

मुलीने गाडीच्या काचा बंद करून फोनवर आवाज भरला, तोच यंत्रात घातला. तीस सेकंदांत सहा वेळा त्याचं नाव, पूर्ण ताकदीने. भाई म्हणाले, "पहिल्यांदा हळू वाजवूया." नवरा म्हणाला, "भाई, केवढं हे वाळवंट. हळू आवाज कुठवर जाणार?" मग मोठ्यानेच वाजवला. शांततेत तो फार लांब गेला असणार, कारण बऱ्याच अंतरावरच्या एका तळावरचा माणूस काय झालं म्हणून गाडी घेऊन आला. भाईंनी त्याला अरबीत सांगितलं. तो म्हणाला, अल्ला त्याला परत आणो, आणि गेला. कुत्रा आला नाही.

सोमवारी पुन्हा तेच. मुलीची शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन जायची, नवरा कुवेत सिटीतल्या ऑफिसातून परस्पर यायचा. सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे हाती तासभर मिळायचा. आम्ही सोमवारी आवाज आणखी वाढवला. मुलीने कान झाकले. "आय साउंड अँग्री," ती म्हणाली. मी तिला म्हटलं की कर्ण्यातून सगळ्यांचाच आवाज तसा येतो.

मंगळवारी सकाळी जिन्यात आमच्या इमारतीच्या रखवालदाराने मला थांबवलं. इथे त्याला हारिस म्हणतात. तो इजिप्तचा आहे, तळमजल्यावर बरोबर आमच्या खाली राहतो, आणि ज्याच्यापासून आम्ही कुत्रा लपवला तो मुख्यतः हाच. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि इथल्या हिंदीत विचारलं, "मॅडम, कुत्ता किधर? चार दिन आवाज नहीं."

मी विचारलं, "कौनसा आवाज?"

त्याने बोटांची नखं भिंतीवर टकटक वाजवून दाखवली. फरशीवर चालताना कुत्र्याच्या नखांचा होतो तसा आवाज. मग हात छातीवर ठेवून म्हणाला की घरमालकाला त्याने कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. "अच्छा कुत्ता. कभी भौंकता नहीं."

संध्याकाळी गाडीत मी हे सांगितलं तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदा तिघंही हसलो. नवऱ्याला ते आवरेना. "म्हणजे मी तीन वर्षं रोज पहाटे नऊ किलोची पिशवी उचलून, व्यायामाला चाललोय असा चेहरा करून... आणि तो मला रोज सलाम करायचा! एकदा तर म्हणाला, बाबा, जिम करून तब्येत सुधारत नाही तुमची." मुलगी म्हणाली, "सो ही कॅन बार्क नाऊ. सापडला की त्याला भुंकू द्यायचं. पूर्ण दिवस." नवरा म्हणाला, "अख्खा दिवस. मी पण भुंकेन." मग कबदचं वळण आलं आणि मुलगी काच खाली करून बाहेर बघू लागली.

मंगळवारी रात्री थोडा पाऊस पडला. वाळूवर थेंबांची नक्षी उठली आणि वरचा पापुद्रा घट्ट झाला. पुढे त्याचा संबंध आहे म्हणून लिहिलं.

बुधवारी आम्ही यंत्र आणखी आत नेलं. मुलीचा आवाज अर्धा तास, थांबून थांबून, वाजवला. भाई नुसते बघत होते. निघताना ते मला म्हणाले, "वैनी, माझ्या मनाला हे पटत नाय. एवढ्या जवळ वाजवल्यावर जनावर काहीतरी करतंच. येतं नाय तर पळतं. हे काहीच करत नाय." मी म्हटलं, कदाचित तो या भागातच नसेल. ते म्हणाले, "कदाचित."

गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मुलगी शाळेतून लवकर आली होती. तिला वाटत होतं की भरलेला आवाज फाटका येतो, म्हणून तो फोनवर लावून ती तपासत होती. तिच्या खोलीतून तिचाच मोठा आवाज आला, कुत्र्याचं नाव, सहा वेळा. मग बंद झाला. मला तिला जेवायला बोलवायचं होतं म्हणून मी दारापर्यंत गेले.

ती जमिनीवर गुडघे टेकून पलंगाखाली बघत होती.

काही पडलं आहे का शोधायला, असं मला क्षणभर वाटलं. मग तिने मान वर केली. तिलाही ते त्याच वेळी कळलं होतं असं तिच्याकडे पाहून समजलं. आपण खाली वाकलो आहोत हे आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. घरात ते नाव मोठ्याने घेतलं गेलं की नंतर पलंगाखाली वाकायचं, हे तीन वर्षं रोज केलेलं होतं, ते शरीराने केलं.

"आई," ती म्हणाली, "मोठ्याने बोलावलं की तो लपतो."

मी म्हटलं, "तो बेलला लपतो."

"बेल बंद आहे."

बेल दीड वर्षापूर्वी बिघडली होती. दुरुस्त करायची राहून गेली. येणारे दार ठोठावत किंवा फोन करत, आणि कुत्रा तरीही पलंगाखाली जात होता. सुरुवातीला बेल वाजली की आम्ही घाबरून तिघंही एकदम त्याच्या नावाने ओरडत होतो, तो भुंकू नये म्हणून. तो आत जायचा. पुढे बेल वाजायची बंद झाली, पण दारात कोणी आलं की ओरडणं चालू राहिलं. कुजबुजलेलं यू यू म्हणजे बाहेर ये. मोठ्याने घेतलेलं नाव म्हणजे लप आणि गप्प राहा. आम्ही त्याला दोनच शब्द शिकवले होते, आणि सहा दिवस सहाजणांनी आणि एका यंत्राने त्यातला चुकीचा शब्द वापरला.

मी नवऱ्याला फोन केला. तो ऑफिसातून तसाच निघाला. भाईंना सांगितलं की यंत्र नको. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काय म्हणायचा?" मी सांगितलं, यू यू. हळू. ते म्हणाले, "आमच्यात पण यू यूच."

तिथे पोचलो तेव्हा उजेड दीड तास होता. भाईंनी हिशेब केला की कुजबुज वाऱ्याशिवाय तीस पावलं जाईल, त्याच्या पुढे नाही. म्हणून चौघं तीस तीस पावलं सोडून एका ओळीत उभे राहिलो आणि बुधवारी जिथे यंत्र ठेवलं होतं तिथून सावकाश निघालो. कोणी मोठ्याने बोलायचं नाही, काही दिसलं तर हात वर करायचा, असं ठरलं. मी एका टोकाला होते. पलीकडे मुलगी, मग भाई, दुसऱ्या टोकाला नवरा. दर काही पावलांनी थांबून यू यू यू करायचं, ऐकायचं, पुढे जायचं. भाई साठीच्या जवळ आले आहेत, गुडघे दुखतात. ते दरवेळी खाली बसून, तोंड जमिनीजवळ नेऊन म्हणत होते.

नवऱ्याचा हात वर झाला तेव्हा आम्हाला चालायला लागून वीस मिनिटंही झाली नव्हती.

मुलीने तो हात पाहिला आणि ती धावत सुटली. तिला वाटलं, सापडला. धावतानाही तिने आवाज वाढवला नाही. मला तिचं यू यू यू लांब जाताना ऐकू आलं.

मागच्या हिवाळ्यातल्या कोणाच्या तरी तळावर टाकून दिलेल्या लाकडी फळ्यांचा एक चौथरा तिथे होता, जमिनीपासून वीतभर उंच. त्याच्याखाली तो होता. मागच्या पायाला चावल्याची जखम होती, सुजलेली. पुढचे पाय पोटाखाली दुमडलेले होते आणि तोंड फटीकडे होतं. मुलीने फटीतून हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नवरा गुडघ्यांवर बसला होता. तो तिला म्हणाला, "राहू दे आता." ती म्हणाली, "नो."

यंत्र ठेवलेल्या जागेपासून मी नंतर पावलं मोजली. एकशे चाळीस भरली.

फळ्यांसमोर वाळू अजून घट्ट होती. त्यावर पावसाच्या थेंबांची नक्षी होती, आणि नक्षीच्या वर पायांचे ठसे होते. तीन पूर्ण उमटलेले, चौथ्या जागी ओढल्याची रेघ. म्हणजे पाऊस पडून गेल्यानंतरचे. फळ्यांपासून ते बाहेर निघत होते, अकरा पावलं, सरळ यंत्राच्या दिशेने. तिथे थांबल्याच्या खुणा होत्या, वाळू थोडी उकरलेली होती. तिथून ठसे वळून परत फळ्यांखाली गेले होते.

ते मी पाहिले, भाईंनी पाहिले. भाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः त्या ठशांवर येऊन उभे राहिले. पण मुलगी तोवर उठली होती. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ती ठशांच्या कडेने अकरा पावलं गेली आणि परत आली.

"जीव कधी गेला?" तिने विचारलं.

भाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. भाईंनी आत हात घालून कुत्र्याचा पाय, मान चाचपली. त्यांनी मेंढ्या सांभाळल्या आहेत. "रात्री," ते म्हणाले. "काल संध्याकाळी होता."

"काल संध्याकाळी आपण इथे होतो."

"हां, बेटी."

नवरा म्हणाला, "मी भाईंना सांगितलं, येतो म्हणून. मी सांगितलं." तो हे कोणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. नंतर घरीही तो हे दोनदा म्हणाला, आणि तेव्हाही आम्ही काही बोललो नाही. मी म्हणायला हवं होतं की प्रश्न विचारला तेव्हा मीही तिथे होते.

भाईंनी गाडीतून फावडं आणलं. चौथऱ्याच्या बाजूला जमीन कठीण होती म्हणून थोडं पुढे, मऊ जागी खणलं. नवऱ्याने खणायला घेतलं, त्याच्याने होईना, मग भाईंनी फावडं काढून घेतलं. मुलीने स्वतःचं जॅकेट काढून कुत्र्याला त्यात गुंडाळलं. थंडी होती, मी माझी शाल तिच्या खांद्यावर टाकली. शाल खाली पडली तरी तिच्या लक्षात आलं नाही. सूर्य गेला होता, पण दिसत होतं. दूरच्या तळांवर शुक्रवारच्या सुट्टीसाठी लोक यायला लागले होते, जनरेटर सुरू होत होते.

माती लोटून झाल्यावर भाई फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. मुलीला काही सांगावं असं त्यांना वाटत होतं, ते दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "त्याच्या कानापर्यंत तुझा आवाज गेला नसेल, बेटी. वारा उलटा होता."

वारा उलटा नव्हता. यंत्र त्यांनीच वारा बघून ठेवलं होतं.

"गेला," ती म्हणाली. ती मराठीत बोलत होती, आणि ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. "तो बाहेर आला होता. मी हाक मारली म्हणून आत गेला. त्याने माझं ऐकलं."

मराठीत या शेवटच्या वाक्याचे दोन अर्थ होतात. तिला कोणता म्हणायचा होता हे मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

भाईंनी फावडं जमिनीवर आडवं ठेवलं. ते तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हां," ते म्हणाले. "ऐकला त्याने."